सात घरांचं अंगण आणि माखलेले हात

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, एक बैठी वसाहत आहे. रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ एवढं सांगितलं की पुरतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात ती उभी केली. मुळातली घरं उतरत्या छपरांची, साधी, गवंड्याला सहज बांधता येतील अशी. प्रत्येकाची जमीन स्वतंत्र आणि शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, म्हणजे कुटुंब वाढेल तशी खोली वाढवता यावी. नकाशात डोळ्यांत भरते ती मात्र मोकळी सोडलेली जागा. सात घरांच्या मधोमध साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन घोळके, म्हणजे एकवीस घरं, एकत्र आली की त्यांच्यामध्ये सुमारे बारा मीटरचं आणखी एक अंगण. पुढे तशाच तीन गटांचं त्याहून मोठं. आणि मधून डोंगरावरचं पावसाचं पाणी वाहून नेणारा ओहोळ. आपल्या हवामानात दिवसातला बराचसा वेळ छपराबाहेर काढता येतो, म्हणून उघड्या आभाळाखालची जागा ही घराचाच एक भाग धरली पाहिजे, हे कोरियांचं आयुष्यभराचं सांगणं होतं. बेलापुरात ते त्यांनी बांधून दाखवलं.

वास्तुरचनेचे विद्यार्थी या वसाहतीचा अभ्यास घरांच्या रचनेसाठी करतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या नजरेने पाहिलं तर या आठ मीटरला वेगळाच अर्थ येतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मारलेली हाक तिथे पोचते. तिथे गाडी भरधाव येत नाही. आणि सांडलेलं पाणी, उकरलेली माती, ठेचलेली पानं यांवरून कुणी लगेच ओरडत नाही, कारण ती जागा दिवाणखाना नाही. घर स्वच्छ ठेवायचं असतं, रस्ता धोक्याचा असतो. या दोहोंमध्ये अंगण असतं आणि तिथेच मुलाला माखायची मुभा मिळते. हल्ली प्लेग्रुपच्या माहितीपत्रकांत ज्याला ‘मेसी प्ले’ म्हणतात, तो माती, पाणी, पीठ, रंग, लगदा यांत कोपरापर्यंत हात घालून खेळायचा खेळ लहान वयाचा खरा अभ्यास आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि तो खेळ कमी झाला याचा सगळा दोष आईवडिलांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. आधी जागा गेली, आणि मग सवय गेली.

आपल्या भाषेने या बाबतीत फार बारकाईने विचार केलेला आहे. घाण वेगळी, पसारा वेगळा, चिखल वेगळा, आणि माखणं तर त्याहून वेगळं. घाण टाकून द्यायची असते. माखणं हे कामाचं लक्षण असतं: कुंभाराचे हात मातीने, गवंड्याचे गाऱ्याने, पुरणपोळी करणारीचे पिठाने माखलेले असतात आणि त्यांना कुणी घाणेरडे म्हणत नाही. बेलापूरची जमीन तर याच कामावर जगलेली आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली, त्याआधी इथे आगरी शेतकऱ्यांची भातशेती, खाडीकाठची खाजणं आणि मिठागरं होती. पाऊस लागला की शेतात पाणी कोंडून चिखलणी व्हायची, मग आवणी. शेताच्या बांधावर पोरं असायचीच. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीनंतर चिखलकाला होतो. अंगाला तेल लावून मोठी माणसं भर पावसात चिखलात लोळतात, खेळतात, आणि ती देवाची सेवा मानली जाते. चिखलाची किळस आपल्याकडे जुनी नाही. ती फरशीबरोबर आली.

आता पुराव्याकडे येऊ. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात सोळा महिन्यांच्या मुलांवर झालेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांपुढे घट्ट नसलेले चौदा पदार्थ ठेवले: सफरचंदाचा गर, पुडिंग, सूप, रस अशा प्रकारचे. प्रत्येकाला एक बनावट नाव दिलं. थोड्या वेळाने तोच पदार्थ वेगळ्या आकारात पुढे ठेवून मुलाला तो नावाने ओळखता येतो का, हे पाहिलं. ज्या मुलांनी पदार्थ चिवडला, थापला, जमिनीवर फेकला, हाताला फासला, ती नावं शिकण्यात पुढे निघाली. त्यातही जेवणाच्या उंच खुर्चीत बसलेल्या मुलांना अधिक जमलं, कारण त्या खुर्चीत चिवडायची त्यांना सवय होती. कारण समजून घेण्यासारखं आहे. वाटी, चेंडू, चमचा या वस्तू मूल आकारावरून ओळखतं. एकदा पाहिलं की झालं. वरण, पिठलं, दही यांना स्वतःचा आकारच नाही. वाटीत एक, ताटात दुसरा, हनुवटीवर तिसरा. ते ओळखायचे तर चिकट की पातळ, गार की कोमट, ओघळतं की थबकतं, हे पाहावं लागतं आणि त्याला हातच लागतो. वरणभात चिवडणारं मूल त्या वेळी ‘वरण’ हा शब्द पक्का करत असतं. मुलं थोडी होती, वयही एकच होतं, त्यामुळे या एका प्रयोगातून सगळं सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. पण शब्द कानांइतकेच हातांतूनही येतात, ही गोष्ट तो फार स्वच्छ दाखवतो.

मूल माती आणि पाण्याशी काय करतं, ते जवळून पाहण्यासारखं असतं. एका घमेल्यात कोरडी माती, शेजारी तांब्याभर पाणी आणि एक वाटी. आधी मूल माती मुठीत धरतं. ती बोटांच्या फटींतून गळते. मग थोडं पाणी. आता तीच माती मुठीचा ठसा धरून ठेवते, बोटांच्या खुणांसकट. वाटीत दाबून उपडी केली तर मूद पडते. आणखी पाणी ओतलं की मूद बसते, पसरते, तिचं डबकं होतं. मग मूल थांबतं. पुष्कळदा कपाळाला आठी घालून पाहत राहतं. नंतर कोरडी माती त्यात टाकून पुन्हा पूर्वीसारखं होतं का, हे करून बघतं. कमी-जास्त, आधी-नंतर, उलट करता येणारं आणि न येणारं, या सगळ्या कल्पना या पाच मिनिटांत हाताखालून जातात. उंच पेल्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतलं की ते ‘कमी झालं’ असं चार-पाच वर्षांचं मूल छातीठोक सांगतं, हे स्वित्झर्लंडच्या झां पियाजे यांनी दाखवून दिलं होतं. पाणी तेवढंच आहे हे त्याला समजावून सांगून पटत नाही. वय वाढेल तसं, स्वतः पुन्हा पुन्हा ओतून पटतं. तेव्हा बादलीजवळ अर्धा तास रमलेलं मूल वेळ वाया घालवत आहे असं समजून त्याला उठवण्याआधी क्षणभर थांबावं.

या खेळाचा आपला अस्सल मराठी अवतार म्हणजे दिवाळीतला किल्ला. सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड, फुटकी कुंडी गोळा करायची, वर मातीच्या पातळ काल्यात बुडवलेलं गोणपाट पसरायचं, मग चिखल लिंपायचा. बुरूज, दरवाजा, एखादी गुहा, पाण्याचं टाकं. ओल्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची आणि चार दिवसांनी किल्ला हिरवा होण्याची वाट पाहायची. या एका उद्योगात काय नाही? लिंपण जाड झालं तर वाळताना भेगा पडतात. फार पातळ झालं तर घसरतं. उतार फार उभा असला तर अळिवाचं बी खाली वाहून एकाच ठिकाणी दाट उगवतं. टाक्यात पाणी टिकावं म्हणून आत प्लास्टिक घालावं लागतं, हे दोनदा पाणी मुरल्यावर कळतं. थोरली मुलं आराखड्यावर भांडतात, आणि चार वर्षांच्या भावंडाला चिखल कालवायचं काम मिळतं, ज्याच्यासाठी जन्मभर ऋणी राहावं इतकं ते खूश असतं. बाजारात आता रंगवलेले तयार किल्ले मिळतात. वेळ नसलेल्या घरात ते येतात, त्यात गैर काही नाही. फक्त तिथे मुलाच्या वाट्याला मावळे मांडण्यापलीकडे काही उरत नाही. किल्ल्याचं शिक्षण सगळं लिंपणात होतं.

माती हाताळत शिकण्याचे हे विचार महाराष्ट्रात परदेशी पुस्तकांतून पहिल्यांदा आले असं मानायचं कारण नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं, माँटेसोरी पद्धत आत्मसात केली, आणि १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि आदिवासी मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळा कुरणात भरवली गेली, ती कुरणशाळा. माँटेसोरीची महागडी लाकडी साधनं त्यांना परवडणारी नव्हती आणि त्यांची गरजही वाटली नाही. बिया, शंख-शिंपले, पानं, दगड, माती हीच साधनं झाली. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. याच बालवाडीत मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा रोजच्या कार्यक्रमाचा भाग होता. माती आणि न्हाणी यांच्यात त्यांना विरोध दिसला नाही. मूल मातीत खेळलं, मग धुतलं गेलं, मग जेवलं. चिखल की स्वच्छता, असा प्रश्न आज आपण घालतो. कोसबाडला दोन्ही एकाच सकाळी व्हायचं.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. शहरांतल्या कित्येक अंगणवाड्या एका भाड्याच्या खोलीत चालतात. नावातलं अंगण नावातच उरलं, आणि सेविकांना दोष देण्यात अर्थ नाही. वीस-पंचवीस मुलं, एक खोली आणि मोजकं पाणी असताना मातीकाम कुठे काढायचं?

आईवडिलांचा सगळ्यात मोठा आक्षेप अभ्यासाचा असतो. सोसायटीतलं दुसरं मूल साडेतीन वर्षांचं असताना अक्षरं गिरवतं आणि आपलं चिखल कालवतं, यामुळे जीव कासावीस होतो, आणि ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चांगल्या शाळेतला प्रवेश, स्पर्धा, मागे पडायची भीती हे सगळं खरं आहे. पण हाताची रचना पाहा. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची असतात आणि पुढच्या कित्येक वर्षांत एकेक करून कठीण होत जातात. शेवटचं तर नऊ-दहा वर्षांच्या आसपास. पेन्सिल धरायला लागणारा अंगठ्याचा जोर, तर्जनीचा ताबा, मनगट स्थिर ठेवून फक्त बोटं हलवणं ही सगळी कसरत कणीक तिंबताना, ओला फडका पिळताना, मातीची वळी वळताना आपोआप होते. ज्या हाताने अजून चकलीच्या पिठाची वळकटी केलेली नाही त्याच्याकडून ‘अ’ची गोलाई मागणं म्हणजे पाया भरण्याआधी स्लॅब टाकणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा धरला आणि तिथे शिकणं खेळातून व्हावं असं सांगितलं. २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आराखडाही आला. धोरण मुलाच्या बाजूने आहे. अडलं आहे ते पालकसभेत. तिथे वहीची पानं दाखवता येतात; मातीतून काय शिकलं ते दाखवता येत नाही.

दुसरा आक्षेप आजारपणाचा, आणि त्याला मी सगळ्यात जास्त मान देतो. मातीत जंतू असतात म्हणून मूल मजबूत होतं, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासून दाखवलं की घरात थोरली भावंडं जितकी जास्त तितका परागज्वर कमी. त्यातून ‘फार स्वच्छता वाईट’ अशी समजूत पसरली. पुढे ग्रॅहम रूक यांनी ती दुरुस्त केली: माती, झाडं, जनावरं यांच्यातल्या ज्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांबरोबर माणूस हजारो वर्षं राहत आला, त्यांची ओळख शरीराला हवी असते. कॉलरा-विषमज्वराच्या जंतूंची ओळख करून घ्यायची काही गरज नाही, आणि हात धुणं सोडायची तर मुळीच नाही. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडीच्या आवारात जंगलातल्या जमिनीचा थर आणि हिरवळ आणून टाकली आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २८ दिवस तिथे रोज खेळू दिलं. एकूण ७५ मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मातीत खेळलेल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशींशी संबंधित खुणा रक्तात सुधारलेल्या दिसल्या. आशा वाढवणारी गोष्ट आहे. पण त्यामुळे आजार कमी झाले असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही, आणि फिनलंडच्या जंगलातली माती म्हणजे बेलापूरच्या नाल्याकाठची माती नव्हे.

नवी मुंबईच्या पावसात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या बारीकशा जखमेतून शरीरात शिरतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे. म्हणून रस्त्यावरचं डबकं, गटाराकाठ, तुंबलेलं पार्किंग ही खेळायची जागा होऊच शकत नाही. जंतांचंही तसंच. गोल कृमीची अंडी तोंडावाटे जातात, आकडेकृमी अनवाणी पायातून शिरतो, आणि दोन्ही येतात ते माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून. तेव्हा खरा प्रश्न माती कुठली आणि पाणी कुठलं, हा आहे. रोपवाटिकेतली लाल माती, खत न मिसळलेली, शेणखतही नाही. चाळून, कडक उन्हात पसरून वाळवलेली. झाकणाच्या टबात ठेवलेली, म्हणजे कुत्री-मांजरं त्यात घाण करणार नाहीत. पाणी नळाचं. हाताला जखम असेल त्या दिवशी खेळ बंद. जुन्या रंगाचे पोपडे पडलेल्या भिंतीजवळची माती नको, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा आणि पाच-सहा वर्षांचा त्रिगुणी लशीचा बूस्टर वेळेवर, म्हणजे धनुर्वाताची चिंता नाही. जंतनाशक गोळी अंगणवाडीत आणि शाळेत वर्षातून ठरल्याप्रमाणे मिळते, ती चुकवायची नाही. आणि शेवटी साबण. इतकं केल्यावर उरणारा धोका घराबाहेर पडणाऱ्या कुठल्याही मुलाला असतो तेवढाच आहे.

अन्नाशी खेळण्याबद्दल आपल्याकडे संकोच आहे आणि तो योग्य आहे. परातभर तांदूळ रंगवून, त्यात मुलांना बुडवून, नंतर फेकून देणारे खेळ प्लेग्रुपमध्ये चालतात. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात ते खटकणारच. शिवाय हरभरा, शेंगदाणा, राजमा हे तीन वर्षांखालच्या मुलाच्या नाका-घशात अडकू शकतात. पण इंग्लंडमध्ये हेलन कुल्टहार्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत आढळलं की ज्या मुलांना ओल्या, चिकट गोष्टींत हात घालायला आवडतं ती नवे पदार्थ खायला कमी कुरकुरतात. आणि फळं-भाज्या हाताळून खेळलेली मुलं नंतर त्या चाखायला जास्त तयार होतात. आपल्या स्वयंपाकघरात हे काहीही वाया न घालवता साधतं. मटार सोलायला द्यावे, मेथी निवडायला द्यावी, पिठात पाणी मुलाने घालावं. लहानसा पोळपाट आणि कणकेचा उंडा दिला की जी पोळी होते तिला नकाशा म्हणा, पण ती तव्यावर भाजून त्यालाच खायला द्यावी. रांगोळीची कोरडी भुकटी मात्र मुलांच्या हाती देऊ नये. ती दगडाची पूड असते आणि उडून छातीत जाते. भिजवलेली गेरू चालेल, बिटाचा रस चालेल.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे आणि या विषयावरच्या लेखांत तो बहुधा टाळला जातो. पुसणार कोण? मुलाचं माखणं हा आनंदाचा विषय असेल, पण त्यानंतरची फरशी, बाथरूम आणि चिखलाचे डाग पडलेले कपडे आईच्या वाट्याला येतात, किंवा घरकामाला येणाऱ्या मावशींच्या. सकाळी ८.१२ ची लोकल पकडून रात्री साडेसातला परतणाऱ्या बाईला ‘मुलाला मोकळं खेळू द्या’ असं सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकून वर उपदेश करणं आहे. वडिलांनी रविवारची सकाळ घ्यावी. आंघोळीच्या आधीची वीस मिनिटं ठरवावी, म्हणजे धुणं एकदाच होतं. ठरलेला एक जुना कपड्यांचा जोड असावा. आणि आवरणं हा खेळाचाच शेवट असावा: फडका पिळणं, टबाचं झाकण लावणं, वाट्या विसळणं. चार वर्षांचं मूल हे आनंदाने करतं. ते नीट करत नाही, म्हणून आपण ते काढून घेतो, आणि मग पुढे दहा वर्षं ‘ताट उचल’ म्हणत राहतो.

सगळ्यांनाच माखायला आवडतं असंही नाही. काही मुलं बोटाला चिकट लागलं की रडकुंडीला येतात. त्यांचा हात धरून चिखलात बुडवणं हा क्रूरपणा आहे. त्यांना चमचा द्या, काठी द्या, शेजारी बसून नुसतं पाहू द्या. बरीचशी मुलं आपल्या वेगाने पुढे येतात. किळस फारच तीव्र असेल, कपडे-जेवण-आंघोळ सगळ्यालाच अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि दुसऱ्या टोकाला बेलापूर-खारघर-उलव्यातल्या बांधकामांवर वाढणारी मुलं आहेत. त्यांच्याभोवती चोवीस तास माती आहे, वाळूचे ढीग आहेत, पण नळ नाही, सावली नाही आणि लक्ष द्यायला मोकळं मोठं माणूस नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामांवर ‘मोबाइल क्रेश’ हे फिरतं पाळणाघर सुरू केलं ते अशाच मुलांसाठी. त्या मुलांकडे पाहिलं की नुसत्या मातीचं कौतुक गळून पडतं. खेळ होण्यासाठी मातीइतकंच नळाचं पाणी लागतं, आणि जवळ बसलेलं एक माणूस.

आर्टिस्ट व्हिलेजमध्येही चाळीस वर्षांत पुष्कळ बदललं. अनेक मूळ घरांच्या जागी मोठी बांधकामं आली. घर वाढवता यावं हे तर कोरियांनाच अपेक्षित होतं. काही अंगणांत फरशी आली, गाड्या उभ्या राहू लागल्या. बाकीच्या नवी मुंबईत टॉवर उभे राहिले, तिथे बागेत रबरी चटया आहेत. पडल्यावर डोकं फुटू नये म्हणून त्या आहेत आणि झोपाळ्याखाली त्या हव्यातच. पण सगळी बाग रबराने मढवायचं काही कारण नाही. एका कोपऱ्यात दीड मीटर लांब-रुंद वाफा, कडेने विटांची ओळ, वर रात्री झाकायला ताडपत्री, जवळ पाय धुवायला नळ आणि काथ्याचं पायपुसणं, एवढ्याने भागतं. दीड मीटरचा चौकोन म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. एका गाडीसाठी आपण साधारण अडीच बाय पाच मीटर जागा आखतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ती अशा पाच वाफ्यांहून जास्त भरते. सोसायटीच्या सभेत पार्किंगची एक जागा कायमची मागितली तर मिळणार नाही. कोजागिरीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, किल्ल्यासाठी म्हणून मागितली तर बहुतेक मिळेल. किल्ला मोडला की तीच माती चाळून टबात भरायची, आणि टब लहान मुलांच्या हाताला येईल अशा जागी, जिन्याखाली ठेवायचा.